आधी पूल, मग फोन

—ब्रश? कुठले ब्रश? हां, बाथरूममधले. अरे बाळा, हात धुवायला गेलास तर हात धुवावेत, लोकांच्या घरचे ब्रश कशाला मोजायचे? अकरा आहेत, मीच सांगते, म्हणजे पुन्हा जाऊन खात्री करायला नको. पाहुणे येतात माझ्याकडे. आले की राहतात. राहिले की सकाळी दात घासतात — चांगल्या घरची माणसं आहेत सगळी. आणि नावं कशाला चिकटवलीत म्हणशील, तर आमच्या डॉर्सी टिब्जला रंग नीट ओळखू येत नाहीत. एकदा त्यानं पास्टरांचाच ब्रश तोंडात घातला, नि मग आठवडाभर गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगत होता की आता शिव्या द्यायची सोय राहिली नाही. ती खुर्ची नको, डुगडुगते. इथं बस. कॉफी गार झाली असेल, दुसरी ओतते. कोलंबसहून एवढी गाडी हाणत आलास, विमा कंपनीचा माणूस असलास म्हणून काय तुला उपाशी बसवू? मक्याचा पाव आहे, सफरचंदाचा मुरंबा आहे. अंडं तळून देऊ? घे की, कोंबड्या घरच्या आहेत. नको? तू म्हणजे आमच्या ओपलसारखाच दिसतोस — लहानपणी खुराडं झाडायचं काम तिच्याकडं होतं, तेव्हापासून अंड्याचा वास आला तरी उठून जाते. बरं, पाव तरी घे.

तर तुझा प्रश्न काय होता — ओपल श्रीव या घरात राहते का. राहते. माझी सख्खी धाकटी बहीण आहे, बहिणीकडं नाही राहणार तर कुठं राहील? तिला इथं झटका आला, अर्धं अंग गेलं, इथनं ॲम्ब्युलन्सनं नेली, हॉस्पिटल झालं, आता बोलायला-चालायला शिकवतात त्या केंद्रात आहे. हे सगळं तुझ्या कंपनीला कळवलंय. आणि आता तुमच्या साहेबलोकांना प्रश्न पडला की ही बाई ओहायोची का नदीपलीकडची, वेस्ट व्हर्जिनियाची? हप्ते घेताना नाही पडला तो. घेताना कुणी विचारलं नाही की बाई, तुझा ब्रश कुठंय. मला साधं सांग, समजा — नुसतं समजा हं — तुम्ही ठरवलं की ती इथली नाही, तर काय होईल? विमा रद्द? पहिल्यापासून? म्हणजे ते केंद्रवाले तिला बाहेर काढणार. आत्ता कुठं ती काठीला धरून उभी राहायला लागलीये. तुला हे ठाऊक आहे ना, का तुम्ही नुसतं पत्ता बघून परत जाता? ठाऊक आहे. बरं झालं. मग जरा जपून लिही.

वर खोली दाखवली तुला. पलंग बघितलास, तिनं स्वतः शिवलेली गोधडी बघितलीस, खुंटीवर कोट बघितलास. एकच कोट? एका माणसाला किती कोट लागतात? शिवणाचं मशीन कुठंय म्हणतोस — मशीन तिच्या दुकानात, पलीकडं, टायलर्स फेरी गावात. लग्नाचे झगे शिवते ती, तिकडची गिऱ्हाइकं आहेत. काम तिकडं, राहणं इकडं. पूल उगाच बांधलाय का? आणि मांजर — मी कधी म्हटलं मांजराचं? फोनवर? असेल. म्हटलं असेन की अकराच्या आत येऊ नकोस, मांजराला घालायला जाते. ओपलचंच मांजर. तिकडं असतं. दुकानाच्या... दुकानाच्या मागं घर आहे ना एक, तिथं. हो, तिचंच घर, पण घर असलं म्हणून तिथं राहायलाच पाहिजे असं आहे का? मांजर राहतं तिथं. टोमॅटोची रोपं राहतात. त्याला इकडं आणलं होतं एकदा, ओपलबरोबर, पहिल्या रविवारी, तर ते रात्रभर रडलं नि पास्टरांच्या बुटात मुतलं. तेव्हापासून नाही आणत.

पहिला रविवार म्हणजे — म्हणजे महिन्याचा पहिला रविवार, दुसरं काय. जेवण असतं माझ्याकडं. सगळे येतात, पूल ओलांडून. मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, मला दहाबारा माणसांचं काही वाटत नाही. घेवडा शिजवते, मक्याचा पाव लावते, ओपल तिचे पेपरोनीचे पाव घेऊन येते, डॉर्सी काही आणत नाही पण भांडी घासतो. आणि मग झोपतात इथंच. कोण पलंगावर, कोण सोफ्यावर, पास्टर नि त्यांची बायको हवेच्या गादीवर, ती रात्रीतनं फुसफुसत खाली बसते नि पहाटे दोघं जमिनीला लागलेले असतात. हसू नकोस. याला काही कारण आहे. ही खोटं बोलणारी माणसं नाहीत. यातल्या एकानं कधी दुकानातनं चिंगम उचललं नसेल. तर विम्याच्या कागदावर पत्ता माझा दिला नि पाऊल इथं टाकलं नाही हे त्यांच्या जिवाला लागायला लागलं. पास्टर म्हणाले, माणूस ज्या छपराखाली झोपतो नि ज्या टेबलावर जेवतो, ते त्याचं घर. कितीदा झोपायचं ते काही बोलले नाहीत. त्यांचाही ब्रश आहे तिथं, निळा. मग असं ठरलं — महिन्यातनं एक रात्र, एक कोट खुंटीला, एक ब्रश बेसिनवर. म्हणजे कुणी विचारलं तर मान वर करून सांगता येईल, हो, राहतो. आणि ओपल — तिला तेवढ्यानंही बरं वाटेना. बाकीचे एक रात्र, तर ही दोन रात्री यायची. म्हणायची, ताई, एका रात्रीत मला अजून पाहुण्यासारखंच वाटतं.

पेन खाली ठेव. हे लिहायला नाही सांगितलं. हे आपलं बोलणं चाललंय.

आणि काय गुन्हा केला रे आम्ही? दर निवडणुकीला टीव्हीवर कोट घातलेला एकजण येतो नि सांगतो, ट्रॅक्टर दुसऱ्या राज्यातनं आणता येतो, गाय आणता येते, मग विमा का आणू नये? हद्दी उठवा, लोकांना हवा तिथनं विमा घेऊ द्या. आम्ही माना डोलावतो. मग दुसरा कोट येतो नि म्हणतो, छे छे, तसं केलं तर विमा एका राज्याचा नि डॉक्टर दुसऱ्या राज्याचे, दोघं एकमेकांना ओळखणारसुद्धा नाहीत. त्यालाही आम्ही माना डोलावतो. निवडणूक संपते, दोघं कोट काढून ठेवतात, नि इथं नदीच्या एका काठावर हप्ता परवडतो, दुसऱ्या काठावर परवडत नाही. तीच नदी, तेच धुकं, तोच खोकला. मी म्हटलं, त्यांची वाट कशाला बघायची, आपल्याकडं पूल आहे. मीच म्हटलं, हो. याच टेबलावर. सगळे हसले नि डॉर्सीनं टेबलावर थाप मारली. दुसऱ्या कोटवाल्याचं जरा नीट ऐकायला हवं होतं.

ओपलचं म्हणशील तर तिला हे नकोच होतं. नवरा कारखान्यात होता, त्याच्या नोकरीबरोबर दोघांचा विमा होता. तो गेला नि त्याच्या डब्याबरोबर, टोपीबरोबर विमाही गेला. तिकडचा हप्ता ऐकून आली तर पांढरीफटक पडली होती. म्हणाली, नाही घेत. पासष्टीपर्यंत देवाच्या भरवशावर काढते, पासष्टीला सरकारी मिळेलच. आता मला सांग, मोठ्या बहिणीनं काय करावं? गप्प बसावं? माझी पासष्टी उलटली होती. मला सरकारी विमा होता, ह्या काठावर चालतो, त्या काठावर चालतो, कॅलिफोर्नियात जाऊन पडले तरी चालतो. मी शिंकले तरी डॉक्टरकडं जाते. नि माझी धाकटी बहीण खोकला दाबत बसणार? मी हात धुऊन मागं लागले तिच्या. म्हटलं, तू माझ्या घरची. लहानपणी एका पलंगावर झोपलो, आता एका पत्त्यावर राहू, त्यात काय. ती म्हणाली, ताई, मला खोटं निभवता येत नाही, माझ्या तोंडावर दिसतं. मी म्हटलं, तुला बोलायलाच लागणार नाही, मी बोलेन. तर बघ आता. आता ती बोलत नाही, नि मी बोलतेय.

नाही, रडत नाहीये. मुरंबा घे अजून.

एकच भीती होती आम्हाला. विमा इकडचा, म्हणजे हॉस्पिटलही इकडचं पाहिजे. तिकडच्या डॉक्टरकडं साधं बोट दाखवायला गेलं तरी तुझी कंपनी नाही म्हणते — डॉर्सीचं झालं होतं तसं, गुडघ्याच्या वेळी. आणि कामाच्या दिवशी, भल्या सकाळी, माणूस स्वतःच्या घरात पायजम्यावर सापडला तर? कोण म्हणेल तो ओहायोत राहतो? म्हणून नियम केला. काही झालं, छातीत दुखलं, पडलात, भाजलात — आधी पूल, मग फोन. जेवायला बसायच्या आधी पास्टर प्रार्थना म्हणायचे, आमेन झालं की मी विचारायची, काही झालं तर? नि सगळे एका सुरात — आधी पूल, मग फोन. मग घेवड्याचं पातेलं फिरायचं. थट्टा म्हणून सुरू झालं होतं. नंतर सवय झाली, म्हटल्याशिवाय कुणी चमचा उचलायचं नाही.

तू गेला होतास का तिच्याकडं, केंद्रात? गेलास. मग ऐकलं असशील. हो, तेवढाच एक शब्द. पूल. पाणी हवं असलं तरी पूल, नको असलं तरी पूल. झोप आली, पूल. मला बघून आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, माझी बोटं घट्ट धरली — नि पूल. तिथली नर्स बिचारी मला म्हणते, अशा झटक्यानंतर एखादाच शब्द अडकून राहतो कधीकधी, तुमच्या बहिणीची त्या पुलाची काही गोड आठवण असणार. मी म्हटलं, असेल. लहानपणी आम्ही तिथनं गळ टाकायचो, असं काहीतरी सांगितलं. त्या नर्सनं भिंतीवर पुलाचं चित्र लावलंय आता, कॅलेंडरमधनं कापून. तिला बरं वाटावं म्हणून. ओपल त्याच्याकडं पाठ करून झोपते.

त्या सकाळचं? सांगितलंय की सगळं. बरं, परत सांगते. मंगळवार होता. ओपल वर झोपली होती, तिच्या खोलीत. उठून खाली आली, इथं बसली, तू बसलायस तिथंच. मी नाष्टा वाढला. खाता खाता तिच्या हातातनं काटा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी लगेच फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, त्या पोरांनी सगळं बघितलं, ताट होतं समोर, कॉफी होती. लिहिलं असेल त्यांनी. तिच्या ताटात? अंडं होतं. तळलेलं, दोन्ही बाजूंनी. अर्धं खाल्लेलं — नाही, खाल्लेलं नव्हतं, नुकतंच वाढलं होतं. का रे?

मी म्हणाले? कधी?

...हो. म्हणाले खरी. वासानं उठून जाते.

मग त्या दिवशी तिला खावंसं वाटलं असेल. माणसाची चव बदलते. बदलत नाही का? तुझ्या आईची... असं बघू नकोस माझ्याकडं. इतका वेळ खाली मान घालून बसला होतास, तसाच बस. अंडं पटकन होतं, म्हणून केलं. दुसरं काय पटकन होणार होतं? घरात शिरले तेव्हा तवा कोरडा, टेबल रिकामं, कुणी म्हणेल का की ही इथं सकाळी उठली? नि ती या खुर्चीत — त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीत — एका बाजूला कलत होती. मी तिला उशी लावली नि शेगडीकडं वळले. माझी बहीण कलतेय नि मी अंडं उलटतेय. उलटलं पण. कुणी सांगितलं होतं उलटायला? कच्चं टाकलं असतं ताटात तरी त्या पोरांनी काय बघितलं असतं? पण हाताला सवय, दोन्ही बाजूंनी करायची. ताट तिच्यापुढं ठेवलं. काटा तिच्या हातात दिला, तो पडला, तसाच राहू दिला खाली — म्हटलं, बरं दिसेल. वास गेला तिच्या नाकात. तोंड फिरवता येत नव्हतं तिला. मग फोन केला. मग.

फोन तिनं केला होता मला. तिच्या घरनं, पलीकडनं. म्हणाली, ताई, कप पडला, हात माझा ऐकत नाहीये. जीभ जड होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं टेकडीवरचं हॉस्पिटल दिसतं, पाटी वाचता येते, एवढं जवळ. ॲम्ब्युलन्स तिच्या दारावरनंच जाते-येते, मांजर तिच्या आवाजाला उठतसुद्धा नाही. ती म्हणाली, हॉस्पिटलला फोन करू का? तिनं विचारलं, ऐकतोयस ना — तिनं मला विचारलं. मोठी बहीण म्हणून. आणि मी म्हटलं, कुणाला फोन करू नकोस, मी येते. शहाणपणानं म्हटलं. मला वाटलं मी तिला वाचवतेय.

पुलावर दुरुस्ती चालू होती. एक बाजू सोडायचे नि एक अडवायचे, पाटी धरून पोरगा उभा. जाताना थांबले. येताना तिला शेजारी बसवून पुन्हा थांबले. तो पोरगा माझ्या ओळखीचा, शाळेत माझ्या हातचं जेवलेला. भोंगा वाजवला असता तर त्यानं पाटी फिरवून सोडलं असतं मला, सगळी गाड्यांची रांग अडवून सोडलं असतं. नाही वाजवला. तो वाकून आत बघेल, ओपलला बघेल, नि म्हणेल, विल्डामावशी, हॉस्पिटल तर मागं राहिलं. म्हणून मी माझी टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, डोळ्यांवर ओढली, झोपलीये असं दिसावं म्हणून. तो लांबनं हात हलवत होता. मीही हलवला, हसून. आणि ओपल — तिचा डावा हात चालत होता, तो ती मागं दाखवत होती, खिडकीकडं, टेकडीकडं. मी तो हात धरून खाली मांडीवर ठेवला. ती परत उचलायची, मी परत खाली ठेवायची. नि एकच बडबडत होते, पूल आला बघ ओपल, पूल आला, पूल ओलांडला की झालं, पूल, पूल. तो तिचा शब्द नाहीये. माझा आहे. तिच्या तोंडात मी ठेवलाय तो.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. किती आधी, ते मी विचारलं नाही. इथनं इकडचं हॉस्पिटल पुन्हा पाऊण तासावर, वळणावळणाचा रस्ता. त्यांनी विचारलं, कधी सुरू झालं? मी म्हटलं, आत्ताच, नाष्टा करताना. ते लिहून घेत होते, तुझ्यासारखेच.

पण काय करणार होते मी? सांग ना. तू याच धंद्यातला आहेस. टेकडीवर नेलं असतं तर तुझी कंपनी म्हणाली असती, ते आमचं हॉस्पिटल नाही, ते राज्य आमचं नाही. तिचं आयुष्यभराचं घर त्यात विकलं गेलं असतं. मी तिचं घर वाचवायला... काय?

काय म्हणालास?

नाही, नीट सांग. हळू सांग, मी म्हातारी आहे.

कुठलंही? म्हणजे — जवळ असेल ते? पलीकडच्या राज्यातलं असलं तरी? झटका आला, छातीत कळ आली, असं जिवावरचं असेल तेव्हा कुठलंही हॉस्पिटल, नि कंपनीनं ते आपल्याच हॉस्पिटलासारखं धरायचं. असा कायदाच आहे. आत्ताचा? नवा निघालाय का? आधीपासून. ती इथली का तिथली असं त्या दारात कुणी विचारलं नसतं. आणि माणूस सकाळी दुसऱ्या राज्यात का होता हेही कुणी विचारत नाही, कामाला गेला असेल, मांजर बघायला गेला असेल. गुडघ्याचं वेगळं. गुडघा थांबू शकतो. हे थांबू शकत नाही, म्हणून.

एवढं साधं.

अकरा माणसं जेवायला बसायची इथं. पास्टर आहेत त्यात, बायबल तोंडपाठ आहे त्यांना. डॉर्सी गाडीच्या इंजिनाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. ओपल झग्याचं माप तीनदा घेते. नि यातल्या एकानंही विचारलं नाही कधी. कारण मी सांगितलं होतं ना, ठासून सांगितलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तर तो कळसा काखेत घेऊन मी वळसा घालत होते, ती मागं बोट दाखवत होती तरी... ती दाखवत होती. तिला कायदा माहीत नव्हता, पण ती बरोबर दाखवत होती. मी हात खाली ठेवला.

त्या सगळ्यांना सांगायला पाहिजे. येत्या रविवारी — नाही, आजच, फोन करून. डॉर्सीचं बीपी वाढलेलं असतं. तो पूल ओलांडत बसेल बिचारा, मी शिकवलंय म्हणून.

नको, पाणी नको. बस खाली, मी ठीक आहे. तू आता परत तोच प्रश्न विचारणार, कळतंय मला, तुझ्या तोंडावर दिसतंय, तुलाही खोटं निभवता येत नाही. ओपल श्रीव या घरात राहते का. ऐक. ते केंद्रवाले म्हणालेत, तिला एकटीला राहता येणार नाही यापुढं. उजवा हात शिवण्याजोगा राहिला नाही. घास भरवायला लागेल, बटणं लावून द्यायला लागतील. दुकानावर पाटी लावून आले काल, बंद म्हणून. मांजराला आणायचंय उद्या, खोक्यात घालून, मुतलं तर मुतलं. खालच्या खोलीत पलंग हलवलाय, तू बघितलास ना, मी तुला म्हटलं रंग द्यायचाय म्हणून हलवलाय — तो तिच्यासाठी आहे, तिला जिना चढवणार नाही म्हणून. तिचा ब्रश जांभळा आहे. महिन्यातनं दोन रात्री असायचा ओला. आता रोज असेल.

तेव्हा लिहा तुम्ही, साहेब. राहते. आता खोटं नाही त्यात काही. हवं तर माझं नाव घाला वर, की हिनं केलं सगळं, मी सही करते, मला तुरुंगात टाका, पण ती इथली आहे. इतकी खटपट करून मी तिला इथली केलीये, आता तरी नाही म्हणू नका.

पाव गुंडाळून देते, वाटेत खा. नाही, घ्या. निघा आता. मला दहा फोन करायचेत, नि चार वाजता तिला भेटायला जायचंय, ती वाट बघते नि मला बघितलं की... काय म्हणते ते तुम्ही ऐकलंयच. दारातनं डावीकडं वळा. कोलंबसचा रस्ता अलीकडनंच जातो. तुम्हाला पूल लागणार नाही.